पायाचा वापसा

आमच्या माण तालुक्यात पाऊस कमी आणि पळणारी पोरं जास्त. पहाटे पाचला रस्त्याकडेला उभं राहिलं, तर अंधारात माणूस दिसत नाही, नुसता बुटांचा आवाज येतो. कुणी सैन्यात जायचं म्हणून पळतं, कुणी पोलिसात. जमीन आहे पण पाणी नाही, अशा गावात पाय हीच पोरांची बागायत. पोरं आधीपासून पळत होतीच, पोरी नंतर पळायला लागल्या. २०१६ साली आमच्या तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत पळाल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. त्याच्या आधी आमच्याकडं पोरगी रस्त्यानं पळताना दिसली की लोक विचारायचे, "काय गं, घरात कोण आजारी हाय का?" त्याच्यानंतर विचारायला लागले, "टायमिंग किती येतंय?"

माझी नात त्याच पोरींमधली. थोरल्या मुलाची मुलगी. घरात तिला लहानथोर सगळे ताईच म्हणतात. तिला पोलीस व्हायचं होतं. पोलीस भरतीत मैदानाला पन्नास गुण असतात. पोरांना सोळाशे मीटर पळायचं, पोरींना आठशे. त्याला वीस गुण. शंभर मीटरला पंधरा आणि गोळाफेकीला पंधरा. पोरींनी आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत संपवलं तर वीसच्या वीस. चारशेच्या मैदानाला दोन फेऱ्या, म्हणजे आमच्या मळ्यापासून फाट्यापर्यंतसुद्धा नाही. पण त्या पावणेतीन मिनिटांसाठी पोरी दोन-दोन वर्षं पळतात. करोनात भरती रखडली होती. २०२२ च्या पावसाळ्यात बातमी आली की आता जाहिरात निघणार. ताईचा बाप म्हणाला, "एवढी एक भरती दे. न्हाय झालं तर मग स्थळं बघायची." ती विसाची होती. तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून पळणं दुप्पट केलं.

पहाटे डांबरी रस्त्यानं सहा किलोमीटर, संध्याकाळी तालुक्याच्या अकॅडमीत जोर काढून पळणं, रविवारी टेकडी. बूट वर्षाचे, तळ घासून गुळगुळीत झालेले. आणि त्यात उपास. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचा सोमवार, गुरुवार दत्ताचा, संकष्टी वेगळीच. नवरात्राचे नऊ दिवस चहा आणि दोन केळी. भरती होऊ दे म्हणून देवाला बोललेली.

दसऱ्याच्या आसपास ती नडगी चोळताना दिसायला लागली. उजवा पाय, आतल्या बाजूनं, घोट्याच्या वर चार-पाच बोटं. आधी म्हणायची, पळायला लागलं की दुखतं, अंग तापलं की थांबतं. मग थांबायचं बंद झालं. मग रात्री अंथरुणातसुद्धा ठणकायला लागलं. गावात वैद्यांना तोटा नाही. एकीनं आंबेहळद आणि तुरटीचा लेप सांगितला. एकानं विटेचा शेक. एक म्हातारा म्हणाला, बिब्बा घाला, तिसऱ्या दिवशी पळती होईल. अकॅडमीतल्या माणसानं चिकटपट्टी गुंडाळून दिली आणि दुखण्यावरची गोळी. वर म्हणाला, लईच झालं तर मैदानाच्या दिवशी इंजेक्शन घ्यायचं, पळताना काही कळत नाही.

मला ते 'कळत नाही' पटलं नाही. मी जन्मभर बैल सांभाळलेत. बैल पाय उचलून धरतो तेव्हा त्याला जुंपत नाहीत. त्याचं दुखणं त्याला उभं करतं, म्हणूनच तो वाचतो. दुखणं कळेनासं केलं की बैल चालतो, आणि मग कायमचा बसतो. शेजारच्या गावातला एक पोरगा अशीच इंजेक्शनं घेत पळाला होता. आज त्याच्या पायात पट्टी आहे आणि तो दुकानात बसतो. मी ताईच्या बापाला म्हणालो, "साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडं न्यायची." तो म्हणाला, "आबा, हाड मोडलं असतं तर ती चालली असती का?"

मी, म्हातारी आणि ताई एस्टीनं साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी नडगीवरून अंगठा फिरवत आणला. एका जागी दाबल्याबरोबर पोरगी ओरडली. बोटाच्या पेराएवढीच जागा. मग एका पायावर उडी मारायला सांगितली. डाव्या पायावर मारली, उजव्यावर मारता आली नाही. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. ताईचं तोंड खुललं. डॉक्टर म्हणाले, असला बारीक तडा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय काढा. एमआरआयसाठी एक बोकड विकला. त्यात दिसलं. हाडाला केसासारखा तडा.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, ते मला फार आवडलं. म्हणाले, हाड म्हणजे दगड नव्हे. पळलं की ते बारीक बारीक झिजतं आणि विसावा मिळाला की भरून येतं, उलट आधीपेक्षा पक्कं होतं. पण भरायच्या आतच पुन्हा झिजवलं, तर झीज साठत जाते आणि शेवटी तडा जातो. सहा आठवडे पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. त्यानंतर बघू. जाणूनबुजून पळत राहिली तर तडा आरपार जाईल.

मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि म्हातारीला आत थांबवलं. बाहेर आली तेव्हा म्हातारीचा चेहरा उतरला होता. काय झालं ते मला स्टँडवर, ताई पाण्याची बाटली आणायला गेल्यावर कळलं. पोरीची पाळी चार महिने आली नव्हती. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, उलट पळायला बरं म्हणून ती खूश होती. आपल्याकडं लग्न न झालेल्या पोरीबद्दल हे वाक्य ऐकलं की आधी भलतंच मनात येतं. म्हातारीच्याही आलं असणार, ती तसं बोलली नाही. पण डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, तुम्हाला वाटतं तसलं यात काही नाही. पळण्यात जेवढं जातं तेवढं पोटात येत नाही. मग शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबवतं. पाळी थांबली की हाडाला मिळायचं तेही मिळत नाही. तडा पायात दिसतोय, पण दुखणं ताटातलं आहे.

एस्टीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. मला बहात्तरचा दुष्काळ आठवत होता. मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो, कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. आम्ही उपाशी राहिलो ते नसल्यामुळं. आणि आज घरात बाजरी आहे, शेळीचं दूध आहे, कोंबड्या आहेत, आणि पोरगी देवाच्या नावानं अर्धपोटी पळते. कुणाला दोष द्यायचा? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पळणाऱ्याचं पोट वेगळं असतं.

म्हातारीनं मात्र तो प्रश्न चार दिवसांत सोडवला. सोमवारी ताईला घेऊन शिंगणापूरला गेली. ताई खालीच थांबली, कारण पायऱ्या चढायच्या नव्हत्या. म्हातारी एकटी वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "देवाला सांगून आले. पोरीचे सोमवार आजपासनं माझ्या नावावर. गुरुवार आन् संकष्टी बी. तू फकस्त जेवायचं." ताई म्हणाली, "असं चालतं व्हय गं आजी?" म्हातारी म्हणाली, "सातबारा बदलतोय, मग उपास बदलाय काय झालं?" त्या दिवसापासून ताईच्या पुढ्यात सकाळी हुलग्याचं माडगं, दूध, दोन अंडी. दुपारी भाकरी, कालवण, मूठभर शेंगदाणे. डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्याच.

जेवण सुधारलं, पण पोरगी सुधारेना. ज्याला रोज पळायची सवय आहे त्याला बसवून ठेवणं म्हणजे शर्यतीचा खोंड दावणीला बांधणं. ती कुणाशी बोलेना. मोबाइलवर मैत्रिणींची टायमिंग यायची, ती बघून मोबाइल पालथा घालायची. नोव्हेंबरात जाहिरात निघाली. जानेवारीत मैदान होणार असं सगळे म्हणायला लागले. तिचे तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

मी ओसरीवर झोपतो. जाहिरातीनंतर दोन दिवसांनी पहाटे साडेचारला कडी वाजली. बघितलं तर ताई, पायात बूट. मला बघून थांबली. म्हणाली, "आबा, मैदान तोंडावर आलंय. सगळ्या पळत्यात. मी बसून म्हातारी होऊ का?"

मी रागावलो नाही. बॅटरी घेतली आणि म्हणालो, "चल, पण शेतात."

त्या वर्षी परतीच्या पावसानं दिवाळीपर्यंत झोडपलं होतं. आमची ओढ्याकडची काळीची पट्टी अजून ओली होती, शाळूची पेरणी खोळंबलेली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पाऊस पडला की लगेच शेतात औत घालत नाहीत. जास्तीचं पाणी खाली उतरावं लागतं, मातीत हवा खेळावी लागते. ओल असते पण चिकट नसते, अशी एक अवस्था येते. तिला वापसा म्हणतात. मुठीत माती घेऊन लाडू वळायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पडल्यावर फुटून भुसभुशीत झाला तर वापसा आला. चपटा होऊन बसला तर नाही. वापसा नसताना औत किंवा ट्रॅक्टर घातला तर माती दाबून बसते, ढेकळं निघतात, आणि ती वर्षभर फुटत नाहीत. आमच्या बांधापलीकडच्या गड्यानं उशीर होतोय म्हणून दोन दिवसांपूर्वी ट्रॅक्टर घातला होता. मी बॅटरी तिकडं मारली. चाकांच्या खोल चाऱ्या आणि डोक्याएवढाली ढेकळं.

मी आमच्या पट्टीतली माती उचलून ताईच्या हातात दिली. तिला सांगावं लागलं नाही. तिनं लाडू वळला, सोडला. चपटा बसला.

"पेरायचं का?" मी विचारलं.

"न्हाय. वापसा न्हाय अजून."

"पेरणी मागं पडंल की. सगळ्यांच्या झाल्यात."

ती काही बोलली नाही. पलीकडच्या ढेकळांकडं बघत उभी राहिली. मग वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या आणि बूट हातात घेऊन अनवाणी घरी आली. डोळ्यांतलं पाणी तिनं मला दाखवलं नाही आणि मीही बघितलं नाही.

पण नुसतं थांब म्हणून कुणी थांबत नाही, थांबायला काहीतरी काम द्यावं लागतं. ते काम आमच्या गावातल्या एका रिटायर फौजीनं दिलं. पुण्यात नोकरीला असताना त्यानं पाय दुखावलेल्या जवानांना पाण्यात पळताना बघितलं होतं. खोल पाण्यात उभं राहायचं, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत आणि पळतो तसेच पाय मारायचे. दम तेवढाच लागतो, हाडाला दणका बसत नाही. आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, उत्तम, दुखलं तर मात्र थांबायचं. तलाव कुठला आणायचा? आमची विहीर आहे की. बहात्तरनंतर बापानं खोदलेली, चाळीस फूट. त्या वर्षी पाऊस झाल्यामुळं निम्म्याच्या वर पाणी होतं. ताईला लहानपणी त्याच विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकवलं होतं. आता पुन्हा तिच्या कमरेला दोन मोकळे प्लास्टिकचे डबे बांधले, वरून एक दोर. दोराचं टोक माझ्या हातात. एकट्यानं विहिरीत उतरायचं नाही हा आमचा नियम, मग पोहणारा कितीही पक्का असो.

थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट असतं, वाफ निघत असते. मी जुन्या मोटेच्या थारोळ्यावर घड्याळ घेऊन बसायचो. "पळ!" म्हटलं की ती तीन मिनिटं पाय मारायची. मग एक मिनिट दम. अशा आठ खेपा. पहिल्या दिवशी चौथ्या खेपेलाच काठाला धरून धापा टाकायला लागली. वर बघून म्हणाली, "आबा, रस्त्यापरास हे वंगाळ हाय!" किती दिवसांनी ती हसली होती. दोन आठवड्यांत आठच्या दहा खेपा झाल्या. दुपारी खुर्चीवर बसून चार किलोचा गोळा टाकायची, कारण गोळ्याला पंधरा गुण आहेत आणि बसून हात पक्के करायला पायाची हरकत नाही. संध्याकाळी लेखीचा अभ्यास. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण समास मला अजून पाठ आहेत. मी शेळ्या बांधता बांधता विचारायचो आणि ती सांगायची.

रविवारी तिची आजी तिच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. मातीचा लाडू बघतात तसंच. पहिले दोन रविवार तोंड वाकडं झालं. मग थोडं. पाचव्या रविवारी म्हातारीनं दोनदा दाबलं आणि ताई म्हणाली, "नुसता अंगठा लागतोय." त्याच महिन्यात पाळीही आली. म्हातारीनं मला तसं शब्दांत सांगितलं नाही. त्या दिवशी शिरा केला, मी समजलो.

डिसेंबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी परवानगी दिली, तीही मोजून. एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, दिवसाआड. दुखलं तर एक पायरी मागं. डांबरी रस्ता बंद, माळावरची मुरमाड वाट. नवे बूट घेतले. ताई पहिल्यांदा ते एक मिनिट पळाली तेव्हा मी बघत होतो. पाय जपून टाकत होती, जसं नवीन वासरू उभं राहतं. तीन आठवड्यांत ती सलग पळायला लागली.

जानेवारी २०२३ मध्ये मैदान झालं. तिनं आठशे मीटर दोन मिनिटं सत्तावन्न सेकंदांत काढलं. वीसच्या वीस नाही मिळाले. गोळ्याला चांगले मिळाले. मैदान पास झाली, लेखी दिली आणि शेवटच्या यादीत तीन गुणांनी राहिली. त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. एकटी ताई जेवली. जेवून झाल्यावर बापासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "अण्णा, पाय शाबूत हाय. अजून एक भरती द्या." बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "स्थळाचं मी थांबवतो." मला वाटतं, त्या तीन महिन्यांत पोरगी थांबायला शिकली हे त्यानं बघितलं होतं. जो थांबायला शिकला तो भरकटत नाही, एवढं शेतकऱ्याला कळतं.

पुढची भरती २०२४ ची. जूनमध्ये मैदानं सुरू झाली. ताईनं आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत मारलं. यादीत नाव आलं. आता ती नोकरीवर आहे. २०२२ ला तिनं तड्यावर पळून बघितलं असतं, तर कदाचित तेव्हाच तीन गुण मिळाले असते. कदाचित पाय आरपार मोडला असता. पण २०२४ ला पळायला तोच पाय लागणार होता, आणि तो होता.

आमच्या विहिरीवर आता हिवाळ्यात पोरी येतात. कुणाची नडगी दुखते, कुणाचा गुडघा. त्यांचे आईबाप मला विचारतात, आबा, किती दिवस लागतील? मी म्हणतो, ते डॉक्टरला विचारा, पण त्याआधी पोरीला विचारा, की तू जेवतीस का. आया माझ्या तोंडाकडं बघतात. मग म्हातारी त्यांना आत घेऊन जाते आणि पुढचं तिच्या भाषेत विचारते. ते बोलणं बापांसमोर होत नाही, पण झालं पाहिजे.

ताईला नोकरी लागली, तरी म्हातारीचे सोमवार चालूच आहेत. तिचंही वय झालं, आता सोड म्हटलं, तर म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरी पळत्यात की अजून."